वस्तीयोग्य अवकाश : अंतराळयानाचे अंतर्गत नेपथ्य आणि चाहत्यांची वाचनपद्धती

विज्ञानपटांचा विचार आजवर प्रामुख्याने कथानक, वैज्ञानिक संभाव्यता आणि दृश्यचमत्कृती या तीन अंगांनी होत आला आहे. यानाच्या आतील मार्गिका, खुर्च्या, दारे आणि जेवणाची मेजे ही पार्श्वभूमी म्हणून समीक्षेच्या कक्षेबाहेरच राहतात. चाहत्यांच्या चर्चाविश्वात मात्र नेमक्या याच गोष्टी केंद्रस्थानी असतात आणि त्यांवरील वाद दशकानुदशके चालतात. हे अभिप्राय हौशी स्वरूपाचे म्हणून बाजूला सारले, तर वाचक-प्रतिसादाच्या अभ्यासाला उपयुक्त अशी मोठी सामग्री हातातून निसटते. अंतर्गत नेपथ्याविषयीचे चाहत्यांचे मत हे वरवर पाहता अभिरुचीचे असले, तरी मुळात ते 'या जागेत माणसे राहू शकतील काय, काम करू शकतील काय' या प्रश्नाचे उत्तर असते, हे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. या निकषाचे सामर्थ्य आणि त्याच्या मर्यादा अशा दोहोंचा येथे विचार केला आहे.

१. एका दाराचे कोडे

'स्टार ट्रेक' ही अमेरिकी दूरचित्रवाणी मालिका १९६६ मध्ये सुरू झाली आणि १९६९ मध्ये ७९ भागांनंतर बंद पडली. तिचे कलादिग्दर्शक मॅट जेफरीज हे वैमानिकी अनुभव असलेले गृहस्थ होते. 'एंटरप्राइज' या यानाचा नियंत्रणकक्ष त्यांनी वर्तुळाकार रचला. मध्यभागी कप्तानाची खुर्ची, भोवती उंचवट्यावर अधिकाऱ्यांचे नियंत्रणमंच आणि समोर मोठा पडदा, अशी ही मांडणी होती. कोण कोणाला आज्ञा देतो आणि कोणाचा सल्ला कोणत्या बाजूने येतो, हे संवाद सुरू होण्यापूर्वीच जागेच्या रचनेतून कळत असे.

या कक्षातील लिफ्टचे दार कप्तानाच्या बरोबर पाठीमागे नाही. ते त्याच्या मागे, डाव्या बाजूला आहे. यानाच्या बाह्य प्रतिकृतीत मात्र लिफ्टचा वाटावा असा फुगीर भाग बरोबर मध्यरेषेवर दिसतो. चित्रीकरणाच्या सोयीपोटी निर्माण झालेली ही विसंगती चाहत्यांनी दोष म्हणून सोडून दिली नाही. तिचे स्पष्टीकरण शोधणे हे त्यांनी आपले काम मानले. १९७५ मध्ये फ्रान्झ जोसेफ या निवृत्त वैमानिकी अभियंत्याने यानाचे मजलेवार आराखडे प्रसिद्ध केले. त्यांत संपूर्ण नियंत्रणकक्षच काही अंशांनी तिरपा वळवून ही अडचण सोडविली आहे. परिणामी कप्तान यानाच्या प्रवासदिशेकडे सरळ न पाहता किंचित तिरपा बसतो. हे काहींना तर्कशुद्ध वाटले, तर काहींना हास्यास्पद. कप्तान तिरपा बसू शकत नाही असे मानणारे बाह्य आकाराचाच निराळा अर्थ लावतात.

वोल्फगांग इझर यांनी साहित्यकृतीतील रिक्त जागा वाचक भरून काढतो असे म्हटले, त्याचे इतके शब्दशः उदाहरण क्वचितच आढळेल. येथे रिक्त जागा म्हणजे भिंतीपलीकडची खरीखुरी खोलीच आहे. मालिकेने दोनचार खोल्या दाखविल्या, उरलेले यान वाचकाने बांधले. मायकेल पिलर आदी लेखकांच्या पुढील पिढीने जी मालिका चालविली, तिच्यावरही या बांधकामाचा परिणाम झाला. १९९२ मध्ये 'द नेक्स्ट जनरेशन' मालिकेच्या एका भागात जुना नियंत्रणकक्ष पुन्हा दाखवायचा होता, तेव्हा मूळ नेपथ्य उपलब्ध नव्हते. निर्मात्यांनी कक्षाचा काही भागच नव्याने उभारला, रिकाम्या कक्षाच्या दृश्यासाठी जुने चित्रीकरण वापरले, आणि एका चाहत्याने हौसेने तयार केलेली कप्तानाची खुर्ची व नियंत्रणमंच कामी आणले. वाचकाचे भाष्य संहितेत परत आल्याचा हा प्रसंग आहे. चाहते हे दुसऱ्याच्या रानात शिरून आपल्या उपयोगाचे वेचणारे वाचक असतात, असे हेन्री जेन्किन्स यांनी मिशेल द सेर्तो यांच्या आधारे १९९२ मध्येच मांडले होते. येथे वेचलेले धान्य मालकाच्या कोठारातही पोहोचले.

२. श्रमाच्या खुणा

चाहत्यांना जुनाट आणि मळकट याने आवडतात, चकचकीत आवडत नाहीत, असा एक समज आहे. तो अपुरा आहे. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी' (१९६८) मधील 'डिस्कव्हरी' यान शुभ्र आणि निर्मळ आहे, तरीही त्याला मानाचे स्थान मिळाले. त्यातील फिरत्या कक्षासाठी सुमारे ३८ फूट व्यासाचे खरोखर फिरणारे चक्र बांधण्यात आले होते. अंतराळवीर त्या वर्तुळात धावत पूर्ण फेरी मारतो, तेव्हा जागा अखंड असल्याची खात्री पटते. म्हणजे पहिला निकष स्वच्छतेचा नसून सलगतेचा आहे.

रिडली स्कॉट यांच्या 'एलियन' (१९७९) मधील 'नॉस्ट्रोमो' या मालवाहू यानात सलगतेला श्रमाची जोड मिळते. रॉन कॉब यांच्या संकल्पनांवर उभारलेल्या या नेपथ्यात खोल्या मार्गिकांनी परस्परांना जोडलेल्या होत्या. रॉजर ख्रिश्चन यांनी विमानांच्या भंगारातील भाग वापरून भिंती भरल्या. वरच्या मजल्यावर गादीसारखे अस्तर लावलेल्या भिंती, जेवणाच्या मेजावर चोच बुडविणारा खेळण्यातला पक्षी, आणि खाली ठिबकणाऱ्या पाण्यात काम करणारे यंत्रकामगार. हे कामगार चित्रपटाच्या आरंभीच आपल्या मोबदल्याच्या वाट्यावरून तक्रार करतात. ती तक्रार नेपथ्यानेही मांडलेली आहे. यानाचे नाव जोसेफ कॉनरॅड यांच्या १९०४ च्या कादंबरीवरून घेतलेले आहे. त्या कादंबरीत रुप्याच्या खाणीभोवती भांडवल आणि माणसे यांचे नाते तपासले जाते, हे ध्यानात घेतल्यास नामकरण केवळ अलंकारिक राहत नाही.

याच कारणाने 'प्रॉमिथिअस' (२०१२) हा चित्रपट आला, तेव्हा कथाकालानुसार आधीचे यान नंतरच्या 'नॉस्ट्रोमो'पेक्षा अधिक प्रगत कसे, अशी तक्रार उठली. तिला चाहत्यांनीच उत्तर दिले : एक धनाढ्य संशोधन-मोहिमेचे यान, दुसरे मालवाहू जहाज. हे उत्तर कालक्रमाचे नसून वर्गभेदाचे आहे.

३. बिअरच्या कारखान्यातील यंत्रगृह

जे. जे. अब्राम्स यांच्या 'स्टार ट्रेक' (२००९) मध्ये 'एंटरप्राइज'चे यंत्रगृह लॉस एंजेलिसमधील व्हॅन नाइस येथील बिअरच्या कारखान्यात चित्रित झाले. पांढऱ्याशुभ्र नियंत्रणकक्षाची तुलना संगणकविक्रीच्या आधुनिक दालनाशी झाली, परंतु खरा रोष ओढवून घेतला तो यंत्रगृहाने. खऱ्या जहाजाचे यंत्रगृहही नळ्यांनी भरलेलेच असते, असा बचाव काहींनी केला. तो पुरता पटला नाही, याचे कारण लक्षणीय आहे. या जागेत श्रमाच्या खुणा होत्या, पण त्या दुसऱ्याच श्रमाच्या होत्या. टाक्या कशासाठी आहेत हे प्रेक्षकाला ओळखू येत होते, आणि ते उत्तर यानाच्या कथेत बसत नव्हते. २०१३ च्या पुढील चित्रपटात याच यंत्रगृहाचा काही भाग लिव्हरमोर येथील लेसर-संलयन प्रयोगशाळेत चित्रित झाला. तीही उसनीच जागा होती, मात्र संलयनाचे संशोधन हे तिचे खरे कार्य होते.

रोषाचे दुसरे कारण स्मृतीत आहे. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत बोलायचे तर येथे अपेक्षाक्षितिज भंगले, पण त्या क्षितिजाच्या बांधणीत वाचकाचे स्वतःचे श्रम होते. आपण अनेक वर्षे मनात वावरलो ते घर कोणी न विचारता पाडले, अशी ही भावना असते. उलट २०२३ मध्ये 'पिकार्ड' मालिकेत १९८७ च्या यानाचा नियंत्रणकक्ष त्याच्या गालिच्यासह पुन्हा उभारला गेला, तेव्हा त्याचे मोठे स्वागत झाले. हाच कक्ष पूर्वी हॉटेलच्या दिवाणखान्यासारखा म्हणून थट्टेचा विषय होत असे. आरंभी खटकलेली वस्तू दीर्घ सहवासाने घरची झाली होती.

४. निकषाची मर्यादा

वस्तीयोग्यतेचा निकष सर्वत्र पुरा पडत नाही. आंद्रेई तारकोव्हस्की यांच्या 'सोलारिस' (१९७२) मध्ये अंतराळस्थानकावर मेणबत्त्या, जुनी पुस्तके आणि ब्रॉइगेलची चित्रे असलेले ग्रंथालय आहे. वजनहीन अवस्थेत मेणबत्त्या कशाला, हा प्रश्न तांत्रिकदृष्ट्या योग्य असला तरी तो कलाकृतीच्या गाभ्याला स्पर्श करीत नाही. ही खोली यानाचा भाग कमी आणि पृथ्वीची आठवण अधिक आहे. स्तानिस्लाव लेम यांची कादंबरी (१९६१) मानवी ज्ञानाच्या सीमेवर भर देते, तर चित्रपट घर आणि अपराधभावना यांकडे वळतो. हे वळण नेमके याच खोलीत दृश्यरूप घेते. येथे आराखडा काढणाऱ्या वाचकापेक्षा रूपक वाचणाऱ्या वाचकाची गरज असते.

तरीही दोन वाचनांत वैर मानण्याचे कारण नाही. दार कोठे उघडते हे विचारणारा चाहता आणि खोली कशाचे प्रतीक आहे हे विचारणारा समीक्षक, दोघेही नेपथ्याला अर्थवाहक मानतात. फरक इतकाच की, चाहता जागेच्या अर्थाआधी तिच्या अस्तित्वाची खात्री करून घेतो. कल्पित अवकाशाचा तौलनिक अभ्यास करताना ही खात्रीची पायरी वगळली, तर वाचक त्या अवकाशात कशाच्या बळावर वस्ती करतो, हे उमगत नाही. आणि त्यात बदल झाला असता त्याला आपले काही हिरावून घेतल्यासारखे का वाटते, याचाही उलगडा होत नाही.