अकरा महिन्यांनी काही वाचत नाही!

डोंबिवली पूर्वेचा वन बीएचके असो की घोडबंदर रोडवरचा टू बीएचके, भाड्याच्या कराराचा आकडा ठरलेला: 11 महिने. हा आकडा 1908 च्या नोंदणी कायद्यामुळे रुळला. वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागतो, म्हणून लोकांनी एक महिना कापला. महाराष्ट्रात मात्र ही पळवाट 31 मार्च 2000 लाच बुजली. त्या दिवशी लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम 55 म्हणतं: मुदत कितीही असो, करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. टाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून मोठा फटका पुढे आहे. वाद झाला तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींबद्दल भाडेकरू सांगेल तेच खरं धरलं जातं. स्टॅम्पपेपरवर नोटरीचा शिक्का मारून निर्धास्त बसलेल्या प्रत्येक घरमालकाने हे दोनदा वाचावं.

आता खर्च. भाडं 15,000, डिपॉझिट 60,000, मुदत 24 महिने. एकूण भाडं 3,60,000; त्यात परत करायच्या डिपॉझिटवर वर्षाला 10 टक्के धरून 12,000 मिळवायचे. या बेरजेवर पाव टक्का मुद्रांक शुल्क, म्हणजे 930 रुपये, वरच्या शंभरात धरले तरी हजारच. महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000. ही फी दर कराराला नव्याने लागते, म्हणून भाडेकरू चांगला असेल तर सरळ दोन वर्षांचा करार करा. पाव टक्क्याचा हा दर 60 महिन्यांपर्यंतच्या अशा लिव्ह अँड लायसन्स करारांना लागू आहे. नोंदणी ऑनलाइन होते. आधार पडताळणीसाठी अंगठ्याचा ठसा घ्यायला एजंट घरी येतो.

‘घर देऊ नकोस, परत मिळणार नाही’ हे घरातली वडीलधारी माणसं उगाच म्हणत नाहीत. 1 फेब्रुवारी 1973 ला लायसन्सवर राहत असलेल्यांना कायद्यानेच भाडेकरू ठरवलं होतं. ती धास्ती पिढ्यान्‌पिढ्या उतरली. आजचं कलम 24 नेमकं उलट आहे: राहण्यासाठी दिलेल्या घराची मुदत संपली आणि लायसन्सधारक हलला नाही, तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करा. लेखी करार हाच तिथे निर्णायक पुरावा, आणि अडून बसणाऱ्याला ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम भरावी लागते. मुदत संपल्यावर ‘राहू दे दोन महिने’ असं तोंडी ठरवणं मात्र घातक. नवा करार करा.

नौपाड्यातल्या किंवा जुन्या कल्याणातल्या पागडीच्या खोल्यांचं गणित निराळं. तिथलं भाडं वर्षाला 4 टक्क्यांनी वाढवता येतं.

घर भाड्याने दिलं म्हणून सोसायटी बिनवापर शुल्काच्या नावाखाली वाट्टेल ती रक्कम लावते? 1 ऑगस्ट 2001 च्या सरकारी आदेशाने मर्यादा घातली आहे: सेवा शुल्काच्या 10 टक्के, आणि त्यात महापालिकेचा कर धरायचा नाही. बिल आलं की एकदा हिशेब तपासाच.

भाडेकरूची माहिती पोलिसांना कळवणं विसरू नका; ऑनलाइनही कळवता येतं. ठाणे, कल्याण, डोंबिवली तिन्ही एकाच ठाणे पोलीस आयुक्तालयात येतात.

आयकराची एक सवलत सुखावह आहे. भाड्यातून तुम्ही भरलेला महापालिकेचा कर वजा केल्यावर उरलेल्या रकमेच्या 30 टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीची एकही पावती न दाखवता. रंग काढला, नाही काढला, वजावट तीच.

भांडण भाड्यावरून कमी, डिपॉझिटवरून जास्त होतं. किल्ली देताना पंखे, गीझर, नळ, भिंती यांचे फोटो काढा, वीजमीटरचं रीडिंग लिहा, सामानाची यादी करारालाच जोडा. रंगकामाचे पैसे कोण देणार आणि डिपॉझिट किती दिवसांत परत, हेही त्याच कागदावर आकड्यांत लिहा.