अनंताची पंगत

लहानपणी गोट्यांवरून भांडण लागलं की बढाया ठरलेल्या असत. एकाकडे शंभर, तर दुसऱ्याकडे हजार. लाख, कोटी, अब्ज अशी चढाओढ होत होत शेवटी कुणीतरी शहाणा 'अनंत' म्हणून सगळ्यांची तोंडं बंद करायचा. तेवढ्यात घरातलं शेंडेफळ हळूच म्हणायचं, "माझ्याकडे अनंत आणि वर एक!" हा रडीचा डाव, असं आम्ही एकमताने ठरवून टाकत असू. पण रडीचा का, हे नीट सांगायला गणिताला एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला.

सांगणाऱ्याचं नाव गेओर्ग कँटर. जन्म १८४५चा, सेंट पीटर्सबर्गचा. जवळजवळ सगळी नोकरी मात्र जर्मनीतल्या हाले या गावच्या विद्यापीठात. त्याची मूळ कल्पना समजायला लग्नाची पंगत पुरेशी आहे. पानं किती मांडली आणि माणसं किती आली, हे न मोजताही एक गोष्ट कळते. एकही पान रिकामं नाही आणि एकही माणूस ताटकळत उभा नाही, म्हणजे दोन्ही सारखी. आकडा माहीत असण्याची गरजच नाही. पाठ्यपुस्तकात याला एकास-एक संगती म्हणतात. मोजता येणार नाही अशा गोष्टींची तुलना कँटरने याच वाटेने केली: मोजू नका, जोड्या लावा.

आता ही पंगत कधीच न संपणारी आहे असं समजा. पहिलं पान, दुसरं, तिसरं... आणि प्रत्येकावर माणूस बसलेला. उशिरा एक पाहुणा येतो. वाढपी हाक देतो, "सगळ्यांनी एकेक पान पुढे सरका!" पहिलं पान मोकळं झालं. शेवटच्या माणसाचं काय? शेवटचा माणूसच नाही, हीच तर गंमत. मग अख्खं अनंत वऱ्हाड दारात आलं तरी हरकत नाही. प्रत्येकाने आपल्या क्रमांकाच्या दुप्पट क्रमांकाच्या पानावर जावं, विषम क्रमांकाची सगळी पानं रिकामी. शेंडेफळाची ती एक गोटी वाया गेली ती अशी. (जर्मन गणिती डाव्हिट हिल्बर्टने हीच गोष्ट हॉटेलच्या खोल्यांवर रचली होती. मला पंगत जास्त पटते. हॉटेलात कुणी आनंदाने सरकत नाही.)

अशा वेळी आपल्याकडे लगेच उपनिषद काढायची पद्धत आहे. मी भास्कराचार्यांकडे जाईन. बाराव्या शतकातल्या त्यांच्या बीजगणितात शून्याने भागलेल्या राशीला 'खहर' म्हटलं आहे. तिच्यात काही मिळवा वा वजा करा, ती बदलत नाही. सृष्टीच्या उत्पत्तीने वा प्रलयाने अच्युतात काही उणंअधिक होत नाही, तसं. आजचा गणिती शून्याने भागूच देणार नाही, पण अनंताचा स्वभाव त्यांनी अचूक ओळखला होता. त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला. त्याचा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला सापडला.

गॅलिलिओही इथवर आला होता. १, ४, ९, १६ या वर्गसंख्या एकूण संख्यांमध्ये तुरळक दिसतात, तरी प्रत्येक संख्येला आपला एक वर्ग आहेच, म्हणजे जोड्या पूर्ण लागतात. १६३८च्या ग्रंथात त्याने हे मांडलं आणि अनंताला कमी-जास्त हे शब्दच लागू नाहीत, असं म्हणून तो मागे फिरला. कँटर फिरला नाही.

अपूर्णांकांचंच बघा. शून्य आणि एकच्या मध्येच त्यांची किती दाटी! तरी ते पंगतीत बसतात. अंश आणि छेद यांची बेरीज २ असलेले आधी बसवा, मग ३वाले, मग ४वाले. प्रत्येक तुकडीत मोजकेच जण, त्यामुळे प्रत्येकाला कधी ना कधी पान मिळतंच. मग वाटतं, सगळे अनंत सारखेच असणार.

तर नाही. शून्य ते एकमधल्या सगळ्या दशांश संख्या पंगतीत बसवून दाखवल्या, असा कुणी दावा केला. त्याची यादी घ्या. समजा पहिली ०.३१४१…, दुसरी ०.७५१९…, तिसरी ०.२५८९…. पहिलीचा पहिला अंक, दुसरीचा दुसरा, तिसरीचा तिसरा असं तिरपं उतरा. तिथे ५ असेल तर ६ लिहा, नसेल तर ५. आपली संख्या होते ०.५६५…. ती यादीत आहे का? पहिल्या पानावर नाही, कारण पहिला अंक वेगळा. दुसऱ्यावर नाही, कारण दुसरा वेगळा. दहा लाखाव्या पानावर? तिथला दहा लाखावा अंक आपण मुद्दाम बदललाय. यादी कशीही करा, कुणीतरी उभाच राहणार. म्हणजे हा अनंत पंगतीच्या अनंतापेक्षा मोठा आहे. निष्कर्ष कँटरने १८७४मध्येच सिद्ध केला होता. ही तिरपी युक्ती १८९१ची. एवढ्याशा उठाठेवीतून एवढं निघतं, यावर माझा अजूनही पटकन विश्वास बसत नाही. कँटरचंही तसं झालं होतं. एका रेषेवर जितके बिंदू तितकेच अख्ख्या चौरसात, हे सिद्ध केल्यावर १८७७मध्ये त्याने मित्राला, डेडेकिंडला, लिहिलं की दिसतंय, पण पटत नाही.

बर्लिनमधल्या गणिती क्रोनेकरला हे सगळं थोतांड वाटे. बर्लिनला जाण्याचं कँटरचं स्वप्न राहूनच गेलं. १८८४पासून मनोविकाराचे झटके येऊ लागले आणि १९१८च्या जानेवारीत हालेच्या रुग्णालयातच तो गेला. अनंताने त्याला वेड लावलं, ही कहाणी लोकांना आवडते. मला ती आळशी वाटते. आजार हा आजार असतो.

त्याला छळणारा प्रश्न दिसायला साधा होता. पंगतीचा अनंत आणि रेषेचा, म्हणजे त्या दशांश संख्यांचा, अनंत यांच्या मध्ये आणखी एखादा आकार आहे का? नसावा, असं त्याचं गृहीतक. हिल्बर्टने १९००मध्ये पॅरिसला मांडलेल्या न सुटलेल्या प्रश्नांत याला पहिलं स्थान दिलं. तर्कशास्त्रज्ञ गोडेलने १९४०पर्यंत दाखवलं की संचांच्या रूढ नियमांनी हे गृहीतक खोटं ठरवता येत नाही. १९६३मध्ये पॉल कोहेनने दाखवलं की खरंही ठरवता येत नाही. मग नियमच वाढवावेत का, आणि कोणते? अमेरिकेचे ह्यू वुडिन या प्रश्नामागे कित्येक वर्षं आहेत. आधी ते गृहीतक खोटं मानण्याच्या बाजूने युक्तिवाद करत होते. पुढे त्यांच्याच कामाने त्यांना उलट बाजूला नेलं.