काँग्रेस स्ट्रीटवरचं क्योटोचं घर

बॉस्टनमध्ये फोर्ट पॉइंट चॅनेलच्या काठाला जुन्या विटांच्या गोदामांची रांग आहे. त्यातल्या काँग्रेस स्ट्रीटवरच्या लोकरीच्या एका गोदामात १९७९ पासून मुलांचं संग्रहालय नांदतं आहे. बाहेर धक्क्यावर चाळीस फुटी दुधाची बाटली उभी आहे. १९३४ मध्ये आइस्क्रीम विकण्यासाठी बांधलेलं हे बाटलीच्या आकाराचं दुकान पुढे बेवारस पडलं आणि शेवटी इथे येऊन स्थिरावलं. आत शिरल्याबरोबर मुलं तीन मजली चढणीकडे धावतात, नाहीतर साबणाच्या फुग्यांकडे. अशा गमती आता जगातल्या कुठल्याही बऱ्या बालसंग्रहालयात असतात. बॉस्टनला आवर्जून जावं ते वेगळ्याच गोष्टीसाठी. याच इमारतीत, तिच्या छपराखाली स्वतःचं छप्पर घेऊन, क्योटो शहरातलं एक दुमजली घर उभं आहे.

हे घर प्रतिकृती नाही. क्योटोतल्या रेशमाच्या एका व्यापाऱ्याचं हे राहतं घर, तिथून निघालं तेव्हाच शंभरीला आलेलं. बॉस्टन आणि क्योटो १९५९ पासून भगिनी-शहरं आहेत आणि हे घर क्योटोने बॉस्टनला दिलेली भेट. अशा भेटींत बहुधा एखादं कारंजं येतं, फार तर शहराची चांदीची किल्ली. इथे अख्खं घर आलं, आणि ते उभं करायला क्योटोचे सुतारही आले.

घर उचलून नेता येतं, याचं कारण ते बांधण्याच्या रीतीत आहे. क्योटोतल्या या शहरी घरांना माचिया म्हणतात. त्यांचा सगळा भार लाकडी खांब आणि तुळयांवर असतो आणि ही लाकडं एकमेकांत खाचा-कुसवांनी बसवलेली असतात. भिंती भार घेत नाहीत. बांबूच्या कामट्यांच्या जाळीवर माती लिंपून त्या केलेल्या असतात, म्हणजे पाडून पुन्हा लिंपायच्याच. खाचेतून कुसू सोडवलं की सांगाडा सुटा होतो. आपल्याकडेही हे अगदीच अनोळखी नाही. कोथरूडला मोडकळीला आलेला मस्तानी महाल दिनकर केळकरांनी असाच आणून पुण्यातल्या आपल्या संग्रहालयात पुन्हा उभा केला. फरक इतकाच, की केळकरांचा महाल पाहायचा असतो आणि बॉस्टनच्या घरात वावरायचं असतं.

दारात पहिलं काम म्हणजे बूट काढणं. जपानी घरात दाराशी जमीन खाली असते आणि राहायचा भाग एक पायरी उंच. बूट खालीच काढायचे आणि वर चढायचं. ही पायरी घराचं बाहेर आणि आत ठरवते. अमेरिकन मुलं इथे थबकतात, कारण त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी बूट घालून सोफ्यापर्यंत जाता येतं. बॉस्टनच्या परिसरात मराठी कुटुंबं चांगली रुजली आहेत आणि सहा महिन्यांसाठी आलेले आजी-आजोबा नातवंडांना घेऊन अशा ठिकाणी जातातच. त्यांना इथे काही शिकवावं लागत नाही. पायऱ्यांशी चपला काढून मगच पाय आत टाकायचा हा संस्कार त्यांच्या अंगातच आहे. नातवंडांना मात्र वाटतं, आजीला जपानी रीत कशी काय ठाऊक!

आत गवती चटयांची जमीन. या चटया म्हणजे तातामी. भाताच्या पेंढ्याचा जाड थर आणि वर लव्हाळ्यासारख्या गवताचं घट्ट विणलेलं आवरण, ठरावीक मापाची. जपानात खोलीचा आकार अजूनही ती किती तातामींची यावर सांगतात. कागदी सरकती दारं बाजूला केली की दोन खोल्यांची एक खोली होते. झोपायची गादी सकाळी गुंडाळून कपाटात जाते आणि तीच जागा दिवसा बैठकीची होते. खोलीत सामान फारसं नसतं. हे पाहून मुलं विचारतात, यांचे पलंग कुठे आहेत? जमिनीवर गाद्या घालून झोपणाऱ्या समाजाला हा प्रश्न पडत नाही, पण बॉस्टनमधल्या आठ वर्षांच्या पोराला पडतो, आणि त्याचं उत्तर त्याला कपाट उघडल्यावर मिळतं, पाटी वाचून नाही.

मला या घरात सगळ्यात जास्त काय आवडतं, तर स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. माचिया रस्त्याकडून पाहिली तर अरुंद आणि आत लांबच लांब. वाम माशाची झोपायची जागा, असं क्योटोचे लोक तिला थट्टेने म्हणतात. रस्त्याला लागून दुकान, मागे राहायच्या खोल्या, मध्ये हातभर अंगणात एखादं झुडूप आणि दगडी दिवा, आणि एका बाजूने पुढून मागेपर्यंत जाणारी मातीची वाट. चुली याच वाटेवर. वरचं छप्पर उंच, म्हणजे धूर वर जाईल. आपल्या ओटी-माजघर-परसदाराचीच ही उभी चिरफळी म्हणा ना. न्हाणीघरात कढत पाण्याचं खोल पिंप असतं, पण अंग त्यात धुवायचं नाही. आधी बाहेर स्वच्छ व्हायचं आणि मग त्यात बसायचं, कारण तेच पाणी घरातले सगळे वापरणार. हे सांगितल्यावर मुलांच्या चेहऱ्यावर जे भाव उमटतात, ते समुराईची तलवार पाहून उमटत नाहीत.

बॉस्टनला तलवारींची कमतरता नाही. तिथल्या कलासंग्रहालयात जपानी चित्रं, मूर्ती आणि शस्त्रं यांचा मोठा साठा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बॉस्टनच्या श्रीमंत आणि विद्वान मंडळींना जपानचं वेडच लागलं होतं. त्यातला एक, शेजारच्या सेलम गावचा एडवर्ड मोर्स, मूळचा प्राणिशास्त्रज्ञ. शंखशिंपल्यांसारखे दिसणारे समुद्री जीव शोधायला १८७७ मध्ये तो जपानला गेला आणि आगगाडीच्या खिडकीतून त्याला ओमोरीचा प्रागैतिहासिक शिंपल्यांचा ढिगारा दिसला. जपानातल्या शास्त्रीय पुरातत्त्वाची सुरुवात तिथून धरतात. त्याने जमवलेली जपानी मातीची भांडी बॉस्टनच्या कलासंग्रहालयात गेली. पण मला हा माणूस आवडतो तो १८८० च्या दशकातल्या त्याच्या जपानी घरांवरच्या पुस्तकामुळे. विहिरी, स्वयंपाकघरं, कोनाडे, कुंपणं, इतकंच काय, शौचकूपसुद्धा त्याने स्वतःच्या हाताने रेखाटले आहेत. देवळं आणि राजवाडे पाहून लोक कसे जगतात ते कळत नाही, हे त्याला समजलं होतं. काँग्रेस स्ट्रीटवरचं घर मोर्सच्या वळणावर गेलेलं आहे, असं मी धरून चालतो. त्याला ते आवडलं असतं.

मुलांच्या संग्रहालयात घर येणं ही एका दिवसात सुचलेली गोष्ट नव्हती. मुलांसाठी म्हणून पहिलं संग्रहालय १८९९ मध्ये न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागात निघालं. बॉस्टनचं १९१३ मध्ये, शास्त्र शिकवणाऱ्या शिक्षकांच्या पुढाकाराने, जमैका पाँड या तळ्याकाठच्या एका बंगल्यात. तेव्हाचा माल म्हणजे पक्षी, दगड, शिंपले. पुढे जगभरच्या वस्तू येत गेल्या, आणि त्या काचेमागे गेल्या.

१९६२ मध्ये मायकेल स्पॉक संचालक झाला. बालसंगोपनावरच्या ज्या पुस्तकाने अमेरिकेतल्या एका पिढीला वाढवलं, त्या डॉक्टर बेंजामिन स्पॉकचा हा मुलगा. मायकेलला अक्षरवाचनाची अडचण होती. छापील मजकुरातून जे त्याला कष्टाने मिळे, ते वस्तूंतून सहज मिळे. संचालक झाल्यावर त्याने काचा काढायला सुरुवात केली. त्याचं पहिलं गाजलेलं प्रदर्शन वस्तूंच्या आत काय असतं यावर होतं. बेसबॉलचा चेंडू मधोमध कापलेला, घरगुती यंत्रं उघडी केलेली, आणि रस्त्याचा आडवा छेद, ज्यात मॅनहोलमधून खाली उतरून मुलांनी पाइप पाहायचे. हात लावू नका ही संग्रहालयातली सर्वांत जुनी पाटी त्याने उलटी केली. सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम हे हाताळून पाहायचं नावाजलेलं संग्रहालय निघालं १९६९ मध्ये, म्हणजे नंतर.

चेंडू कापता येतो. संस्कृती कशी कापायची? स्पॉकच्या माणसांनी त्यासाठी पेट्या तयार केल्या. सरकारी पैशांतून तयार झालेल्या या पेट्या शाळांना दोन-तीन आठवड्यांसाठी उसन्या मिळत. एकीत प्राचीन ग्रीक घराचे अवशेष, एकीत आर्क्टिकमधल्या नेत्सिलिक लोकांची हत्यारं आणि फिल्म, एकीत जपानी कुटुंब. वर्गातल्या मुलांनी त्या कुटुंबातली माणसं व्हायचं, बसायचं कसं, वाढायचं कुणी, पहिल्यांदा कोण बोलतं, हे करून बघायचं. मला यातलं शहाणपण दिसतं ते हे, की पेटीत ‘जपान’ नव्हता, एक घर होतं. देश मुलांच्या डोक्यात मावत नाही. घर मावतं. पेटीतून निघालेली ही वाट पुढे खऱ्या उंबरठ्यापर्यंत गेली, यात नवल नाही.

या सगळ्याच्या आधी मात्र बाहुली होती, आणि तिची गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही. १९२४ च्या कायद्याने अमेरिकेने जपानी लोकांच्या स्थलांतराला दार बंद केलं. जपानमध्ये आयुष्याची उमेदीची वर्षं काढलेला सिडनी ग्युलिक हा धर्मोपदेशक या कायद्याने अस्वस्थ झाला. मोठ्यांची मनं वळत नाहीत तर मुलांपासून सुरुवात करू, म्हणून त्याने अमेरिकेतल्या शाळा, चर्च आणि मुलींच्या संघटनांकडून बाहुल्या जमवल्या. १२ हजारांहून जास्त! प्रत्येकीला स्वतःचा पासपोर्ट. ३ मार्चला जपानात मुलींचा बाहुल्यांचा सण असतो, त्या बेताने त्या १९२७ मध्ये जपानी शाळांत पोहोचल्या. उद्योगपती शिबुसावा एइइची यांच्या पुढाकाराने, शाळकरी मुलींच्या चिल्लर वर्गणीतून जपानने परतभेट पाठवली ती ५८ बाहुल्यांची. संख्या लहान, पण एकेक बाहुली नामांकित कारागिराच्या हातची, रेशमी किमोनोतली, जवळजवळ तीन फूट उंच, सोबत स्वतःचं इवलं सामानसुमान. बहुतेक बाहुल्या एखाद्या प्रांताच्या किंवा शहराच्या. त्यातली मिस क्योटो बॉस्टनच्या मुलांच्या संग्रहालयात आली.

पुढे युद्ध आलं. जपानात निळ्या डोळ्यांच्या बाहुल्या शत्रू ठरल्या. पुष्कळ जाळल्या गेल्या, फोडल्या गेल्या. काही शिक्षकांनी धोका पत्करून माळ्यावर, भिंतीआड लपवलेल्या तेवढ्या तीनशेच्या वर आज उरल्या आहेत. ग्युलिकचा हेतू फसला, असं म्हणणं सोपं आहे. पण शाळेच्या माळ्यावर बाहुली लपवणाऱ्या त्या माणसांना कुणी काय शिकवलं होतं?

तरीही बाहुलीत एक खोट असते. ती देशाला पोशाखात गुंडाळते: किमोनो म्हणजे जपान, फ्लॅमेंकोचा झगा म्हणजे स्पेन, नऊवारी आणि नथ म्हणजे महाराष्ट्र. जगातल्या ‘विविध संस्कृतीं’च्या दालनांत बहुतेक वेळा हेच असतं, आणि मुलं पाच मिनिटांत पुढे जातात, ते योग्यच करतात. घरालाही ही खोट थोडी लागतेच. शतकाहून जुनं घर पाहून बाहेर पडणाऱ्या मुलाला वाटू शकतं, जपानी माणसं आजही अशीच कागदी दारं सरकवत राहतात. हे त्या संग्रहालयाने ओळखलं होतं, म्हणून नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी टोकियोतल्या किशोरवयीन मुलांवर प्रदर्शन मांडलं. संगीत, कार्टून, सुमो, परीक्षांचं ओझं, आणि किशोरांची आत्ताची खोली. जुन्या घराशेजारी नवं आयुष्य. स्वतःच्याच सर्वांत लाडक्या वस्तूला असा जाब विचारणारी संस्था विरळा. अमेरिकेच्या मूळ रहिवाशांबाबतही त्यांनी हेच केलं. न्यू इंग्लंडमधल्या आदिवासी समाजांच्या माणसांना सोबत घेऊन, आम्ही अजून इथेच आहोत, असं सांगणारं प्रदर्शन उभं केलं. ते प्रदर्शन आणि टोकियोची ती खोली आता नाही. घर आहे. टिकून राहण्यात जुन्या गोष्टी नेहमीच सरस ठरतात, आणि माझ्या मते इथे नुकसान झालं आहे ते त्यामुळेच.

तिकडे क्योटोत मात्र चित्र उलटं आहे. तिथल्या महापालिकेने मोजणी केली तेव्हा २००९ च्या सुमाराला माचिया ४७-४८ हजार होत्या, २०१६ मध्ये चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे रोज दोन-तीन घरं पडत होती. वारसा कर, जमिनीची किंमत, आगीचे आणि भूकंपाचे नियम, मातीच्या भिंती लिंपणारे हात कमी होणं, ही त्याची कारणं. काही घरांची उपाहारगृहं आणि पाहुण्यांच्या खोल्या झाल्या आहेत.

बॉस्टनला जाणं झालं आणि सोबत मूल असेल तर शनिवार-रविवार टाळा. शाळा चालू असताना दुपारी गर्दी ओसरते. मुलाला आधी चढणीवर दमू द्या, मग घराकडे न्या. माहिती देणारा कर्मचारी असेल तर न्हाणीघराबद्दल विचारा, चहाच्या समारंभाबद्दल सगळेच विचारतात. आणि मोजे न फाटलेले घाला.