दर्जा कुणाचा घसरला?

शिक्षणाचा दर्जा घसरला, ही ओरड महाराष्ट्रात दोन तोंडांनी होते. पहिले तोंड पांढरपेशाचे आहे. त्याला जुनी अकरावी आठवते, तर्खडकरांची भाषांतर पाठमाला आठवते, छडी मारणारे पण 'पक्के' शिकवणारे मास्तर आठवतात, आणि या आठवणी सांगता सांगता तो सवलतींवर येऊन थांबतो. कुणीही उठून शाळा-कॉलेजात येऊ लागले म्हणून दर्जा गेला, हे त्याचे अनुमान. दुसरे तोंड वस्तीतल्या आईचे आहे. ती दर्जा हा शब्द वापरत नाही. "पोरगं सातवीला गेलं, पर येस्टीची पाटी वाचाय येत न्हाई," एवढेच ती म्हणते. या दोन तक्रारी एक नव्हेत. आपल्या लेखक-विचारवंतांची बरीचशी शक्ती पहिल्या तोंडाला उत्तर देण्यात खर्ची पडली. त्या गडबडीत दुसऱ्या तोंडाचे ऐकायचे राहिले.

पहिल्याला उत्तर फार आधी देऊन झाले आहे. १२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई विधिमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलले. प्राथमिक शाळेत पाऊल ठेवणाऱ्या शंभर मुलांपैकी फक्त अठरा चौथीपर्यंत पोचतात, उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जाऊन पडतात, हे त्यांनी सरकारपुढे मांडले. अबकारी करातून जनतेकडून जेवढा पैसा उकळता तेवढा तरी तिच्या शिक्षणावर खर्च करा, अशी त्यांची मागणी होती. तेव्हा ज्या सुवर्णकाळाचे गोडवे गायिले जातात तो या अठरांचा काळ होता. ब्याऐंशी मुलांना वर्गाबाहेर काढून उरलेल्यांची सरासरी काढली तर ती चांगलीच येणार! त्याला दर्जा म्हणायचे असेल तर चाळणीलाही गुरुजी म्हणावे लागेल. (या भाषणानंतर आठच दिवसांनी महाडच्या तळ्याचे पाणी बाबासाहेबांनी ओंजळीत घेतले. आपल्या अभ्यासवर्गात १९२७ म्हटले की मुले 'महाड' म्हणतात, आणि ते बरोबरच आहे. विधिमंडळातले भाषण मात्र क्वचितच कुणाला ठाऊक असते.)

ही चाळणी सातारा-सांगलीच्या मातीत विशेष ओळखीची आहे. हे दोन्ही जिल्हे १९४९ पर्यंत एकच होते. त्या वर्षी दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. जोतीरावांचे मूळ गाव कटगुण इथले, सावित्रीबाईंचे नायगाव इथले. १८८२ साली हंटर आयोगापुढे जोतीरावांनी, रयतेच्या घामातून आलेला पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर उधळला जातो, असे सांगून निदान बारा वर्षे वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, असे बजावले होते. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या राजवाड्यातल्या शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर चढले. त्या शाळेला आज आपण प्रतापसिंह हायस्कूल म्हणून ओळखतो. २०१७ पासून महाराष्ट्रात हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून पाळला जातो. पण नाव चढले म्हणजे वर्गात जागा मिळाली असे नव्हते. बसायला घरून आणलेले तरटाचे तुकडे, आणि शिपायाने नळ सोडला तरच पाणी. अठरांपैकी एक होण्याची किंमत ही होती.

पुढे १९१९ साली काले येथे भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ साली ती साताऱ्यात आणली, आणि एकाच वसतिगृहात महार, मांग, मराठा, मुसलमान, जैन मुले एका पंगतीला बसवली. लक्ष्मीबाईंचे मंगळसूत्र या मुलांच्या अन्नासाठी विकले गेले. डोंगरी गावांत पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा उभ्या राहिल्या. दुसऱ्या बाजूला त्याच जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे दीड दिवसात शाळेबाहेर पडले. अण्णाभाऊ शाळेवाचून मोठे झाले असे कौतुकाने सांगण्याची आपल्याकडे रीत पडली आहे. मला ती मान्य नाही. एक अण्णाभाऊ सावरले म्हणून दीड दिवसात हाकलल्या गेलेल्या हजारो मातंग पोरांचा हिशेब चुकता होत नाही.

आता आजची स्थिती पाहू. दार उघडले आहे. शाळा नाही असे गाव शोधावे लागेल. दहावीचा राज्याचा निकाल २०२४ साली ९५.८१ टक्के लागला. २०२१ साली, महामारीमुळे परीक्षाच झाली नाही तेव्हा, तो ९९.९५ टक्के होता. म्हणजे परीक्षा घेतली काय आणि न घेतली काय, फरक चार टक्क्यांचा! आणि त्याच देशात 'असर'ची पाहणी २००५ पासून जवळपास एकच गोष्ट सांगत आली आहे : खेड्यांतल्या पाचवीच्या मुलांपैकी निम्म्याच्या आसपास मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. चाळणी मोडली नाही. ती शाळेच्या दारातून उचलून वर्गाच्या आत नेऊन ठेवली आहे. पूर्वी ब्याऐंशी मुले दाखल्याविना बाहेर पडत. आता ती दाखला घेऊन बाहेर पडतात, आणि दाखला हातात असल्यामुळे त्यांना तक्रारही करता येत नाही.

हे अज्ञान घडते कसे? मूल जन्मतः अडाणी असते असे मानणारे आजही मास्तरांच्या खोलीत भेटतात. 'यांच्या घरात वातावरणच नाही' या वाक्यात जुनी जातच नवे कपडे घालून बसलेली असते. पण पहिलीच्या वर्गात जाऊन बघावे. माण-खटावचे, जतचे, आटपाडीचे मूल घरी 'पानी' म्हणते, 'न्हाई' म्हणते, 'इस्तू' म्हणते. पुस्तकात पाणी, नाही आणि विस्तव. बोलते तसे लिहिले की लाल शाईची रेघ येते. जतच्या सीमेवरच्या कितीतरी घरांत तर भाषा कानडी. वर्गात तोंड उघडले की चूक होते, एवढा धडा ते मूल पहिल्या महिन्यात पक्का शिकते आणि गप्प होते. या गप्प बसण्यालाच पुढे अज्ञान म्हणतात. ज्या बोलीत अण्णाभाऊंनी साहित्य उभे केले, ज्या आटपाडीच्या महारवाड्यातून शंकरराव खरात मराठवाडा विद्यापीठाच्या कुलगुरुपदापर्यंत गेले, तिथल्या मुलाला भाषा येत नाही म्हणणे हा उद्धटपणा आहे.

मग मास्तरांचे काय? २००० सालापासून 'शिक्षणसेवक' नावाचा कमी पगारी मास्तर आला, आरंभी महिना तीन हजारांवर. २०१२ नंतर भरती वर्षानुवर्षे थांबली. पाटण-जावळीच्या डोंगरात दोन मास्तर चार वर्ग सांभाळतात, आणि निवडणूक, जनगणना, ऑनलाइन माहिती भरणे यांतून उरलेला वेळ शिकवतात. वीसपेक्षा कमी पट असलेल्या शाळा एकत्र करून 'समूह शाळा' काढायची टूम २०२३ साली निघाली. वाडीतली शाळा उठली तर घरी बसणारी पहिली मुलगी कोणाची असेल, हे सांगायला आयोग नको.

ढकलगाडीबद्दलही चुकीचे बोलले जाते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंत नापास करू नये असे म्हटले, त्याबरोबरच मुलाचे सतत मूल्यमापन करून मागे पडलेल्याला हात द्यावा असेही म्हटले. सरकारने पहिले अर्धे वाक्य पाळले, कारण त्याला पैसा लागत नव्हता. २०१९ साली कायदा बदलला, २०२३ पासून महाराष्ट्रात पाचवी-आठवीला पुन्हा परीक्षा आली. फेरपरीक्षेतही न निभावलेले मूल आता त्याच वर्गात बसेल. ज्याला लुटले त्यालाच दंड, असा हा न्याय आहे.

वरच्या मजल्यावर वेगळे चित्र नाही. सांगलीचे वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना, १९८३ साली, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळाली. कॉलेजे गावोगाव उगवली, गुंतवणूक इमारतीत गेली. साध्या कला शाखेत तासिका तत्त्वावरचे प्राध्यापक, आणि विद्यार्थ्याच्या हातात अपेक्षित प्रश्नांचा संच. आमच्या पोरांची शिष्यवृत्ती कॉलेजाला प्रिय, पोराची हजेरी मात्र कुणाला नको. पदवी घेऊन तो बाहेर पडतो तेव्हा एक अर्जसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतो, आणि मग पहिले तोंड पुन्हा म्हणते, "बघा, सवलतीचा परिणाम!"

याला तोड काय, हे सातारा जिल्ह्यानेच दाखवून दिले आहे. फलटणला मॅक्सीन बर्नसन या अमेरिकेत जन्मलेल्या, पुढे भारताचे नागरिकत्व घेतलेल्या बाईंनी आधी फलटणच्या बोलीचा अभ्यास केला. शाळेत जाऊनही वाचता न येणाऱ्या दलित वस्तीतल्या मुलांना त्यांनी वाचायला शिकवले. त्यातून प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन उभे राहिले. त्यांची पद्धत साधी : सगळी मुळाक्षरे घोकून होईपर्यंत मुलाला ताटकळत न ठेवता थोड्या अक्षरांतून त्याच्या ओळखीचे शब्द लगेच वाचायला द्यायचे, आणि त्याच्या बोलीला हसायचे नाही.

दुसरे उदाहरण तर सरकारी शाळांचेच. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटात विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे यांनी २०१२ च्या सुमारास जिल्हा परिषदेच्या चाळीसेक शाळा बदलायला घेतल्या. मुले रांगेत फळ्याकडे तोंड करून बसायची थांबली. गटात बसून, काड्यांचे दशक-एकक बांधत, जमिनीवर आखलेल्या खेळांतून शिकू लागली. राज्यभरातून मास्तर ते पाहायला आले आणि २०१५ च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाला त्यातून बळ मिळाले. मास्तर तेच होते, पगार तोच होता, मुलेही त्याच घरांतली होती. पुढे कार्यक्रम सरकारी झाला की किती शाळा प्रगत झाल्या याच्या आकड्यांची शर्यत लागते, तशी ती लागली. पण त्याने मूळ पुरावा खोटा ठरत नाही. मूल शिकते. त्याला शिकवावे लागते, इतकेच.

आपल्या घरातही एकदा डोकावले पाहिजे. जयंतीला वर्गणी निघते, कर्ण्यांच्या भिंती उभ्या राहतात. वस्तीतल्या वाचनालयाचे कुलूप मात्र गंजते. मिरवणुकीत पुढे असलेल्या पोराला 'जातिप्रथेचे विध्वंसन' हे नाव माहीत असते, त्यातले पान वाचता येत नाही. चळवळीने पदव्या मोजल्या, आरक्षणाच्या जागा मोजल्या, ते आवश्यकच होते. तिसरीतल्या किती मुलांना वाचता येते, हे कोणत्याच शाखेने मोजले नाही.

शिक्षण हक्क कायद्यात शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक, निम्म्या स्त्रिया आणि दुर्बल घटकांना त्यांच्या प्रमाणात जागा असल्या पाहिजेत, असे कायदा सांगतो. अनुदानित आणि सरकारी शाळेत ही समिती कागदावर तरी असतेच. तिची बैठक कधी होते, सह्या कोण करते, हे बौद्धवाड्यातल्या आणि मातंगवाड्यातल्या बायांनी विचारायला सुरुवात करावी. बैठकीला जाताना पाचवीतले मूल आणि दुसरीचे पुस्तक बरोबर न्यावे. पुस्तक उघडून मुलाला सर्वांसमोर वाचायला लावू नये. आधीच त्याला पुष्कळ लाजवून झाले आहे. पुस्तक मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवावे आणि हे याला केव्हापर्यंत वाचता येईल, याची तारीख इतिवृत्तात लिहून मागावी.