घरावरील कर्ज आणि जादा हप्ता

मुळशी तालुक्यांतील भूगाव हें गांव पुण्याहून पौडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, चांदणी चौक ओलांडल्यावर थोड्याच अंतरावर लागतें. एके काळीं भातखाचरें व गुरें यांवर चालणाऱ्या या गांवच्या शिवारांत आज अनेक मजल्यांच्या इमारती उभ्या आहेत. आणि बँकेच्या कर्जानें नवें घर बांधणें किंवा मुलासाठीं सदनिका विकत घेणें ही शेतकऱ्यांच्या कुटुंबांतही नित्याची गोष्ट झाली आहे. पीककर्जाचे व्यवहार आमच्या वाचकांस पाठ आहेत. परंतु वीस वर्षांच्या मुदतीचें घरकर्ज ही त्या मानानें नवी वस्तु असून तिचा स्वभाव पीककर्जाहून अगदीं निराळा आहे. तो नीट न समजल्यामुळें एकही हप्ता न चुकविणारीं प्रामाणिक कुटुंबेंसुद्धां लक्षावधि रुपये निष्कारण व्याजांत घालवितात. म्हणून या कर्जाचें गणित काय आहे व शेतकऱ्यास तें मुदतीपूर्वी कसें फेडतां येईल, याचा विचार येथें केला आहे.

व्याजाचा ओघ : समजा, एका गृहस्थानें ३० लक्ष रुपये शेंकडा ८.५ व्याजानें वीस वर्षांच्या मुदतीनें घेतले. त्यास दरमहा सुमारें २६,०३५ रुपयांचा हप्ता पडेल. पहिल्या हप्त्यांतील २१,२५० रुपये व्याजांत जमा होतात व मुद्दलांत पडतात ते केवळ ४,७८५ रुपये. पांच वर्षांत तो सुमारें १५ लक्ष ६२ हजार रुपये भरतो, परंतु मुद्दल कमी होतें तें अवघें ३ लक्ष ५६ हजारांनीं. निम्में मुद्दल फिटावयास १३ वर्षें १० महिने लागतात. वीस वर्षांअखेर एकंदर व्याज सुमारें ३२ लक्ष ४८ हजार, म्हणजे मुद्दलाहूनही अधिक होतें. दामदुपटीचा जुना नियम येथें उपयोगी पडत नाहीं. कारण तो एका वेळीं थकलेल्या व्याजास लागू पडतो, आणि येथें तर व्याज महिन्याच्या महिन्यास वसूल होत असतें.

यांत बँकेची लबाडी नाहीं. व्याज शिल्लक मुद्दलावर आकारलें जातें, आणि आरंभीं मुद्दल मोठें असल्यामुळें व्याजही मोठें असतें, इतकेंच. परंतु याच नियमांत ऋणकोच्या सुटकेची किल्लीही आहे. ठरलेल्या हप्त्याहून जो रुपया अधिक भरला जाईल तो सर्वच्या सर्व मुद्दलांत पडतो, आणि त्या रुपयावरील पुढच्या सर्व वर्षांचें व्याज त्या दिवसापासून बंद होतें.

जादा हप्त्याचा परिणाम : वरील गृहस्थानें दरमहा २,५०० रुपये अधिक भरले तर कर्ज २४० महिन्यांऐवजीं १९४ महिन्यांत फिटतें व व्याजांत सुमारें ७ लक्ष २८ हजार रुपये वांचतात. दरमहा ५,००० रुपये अधिक भरल्यास तें १६४ महिन्यांत फिटतें व बचत ११ लक्ष ७० हजारांच्या घरांत जाते. परंतु शेतकऱ्याचा पैसा पगारासारखा महिन्याच्या पहिल्या तारखेस येत नाहीं. भात झोडून विकलें, भाजीचा हंगाम साधला, किंवा गोठ्यांतील दूध चांगलें गेलें, म्हणजे हातीं एकदम रक्कम येते. त्यानें दरवर्षीं एकदांच ६०,००० रुपये जादा भरले, तरीही कर्ज चौदा वर्षांत संपतें. जादा भरलेल्या सुमारें ७ लक्ष ८० हजारांच्या बदल्यांत व्याजाचे ११ लक्षांहून अधिक रुपये वांचतात. व्याजाचा दर मध्यंतरीं बदलला तर हे आंकडे थोडे इकडेतिकडे होतील, पण तत्त्व बदलणार नाहीं.

यांत वेळेचें महत्त्व विशेष आहे. तेच एक लक्ष रुपये पहिल्या वर्षाअखेर भरले तर मुदत अठरा महिन्यांनीं घटते व सुमारें ३ लक्ष ७० हजार रुपये व्याज वांचतें. तीच रक्कम पंधराव्या वर्षाअखेर भरली तर मुदत सहा महिन्यांनींही घटत नाहीं व बचत ५० हजारांच्या आसपास राहते. पेरणीचा वाफसा जसा चुकवूं नये, तशींच कर्जाचीं पहिलीं पांच-सात वर्षें चुकवूं नयेत.

नियम काय आहे : पूर्वी मुदतीआधीं कर्ज फेडणारास बँका दंड आकारीत. रिझर्व्ह बँकेनें जून २०१२ मध्यें बदलत्या व्याजदराच्या घरकर्जांवरील असा आकार बंद केला. ऑगस्ट २०२३ च्या तिच्या आदेशाप्रमाणें व्याजदर वाढल्यास हप्ता वाढवावा, मुदत वाढवावी कीं दोन्ही थोडथोडें करावें, हें ठरविण्याची मुभा ऋणकोस दिली पाहिजे. तसेंच मुदतीच्या काळांत केव्हांही कांहीं किंवा सर्व कर्ज फेडण्याचीही मोकळीक त्यास असली पाहिजे. मात्र स्थिर व्याजदराच्या कर्जास अथवा पतसंस्थेच्या कर्जास ही सवलत गृहीत धरूं नये. करारपत्र वाचूनच पैसे भरावे.

जादा रक्कम भरतांना एक गोष्ट अवश्य लिहून द्यावी : "ही रक्कम मुद्दलांत जमा करून मुदत कमी करावी, हप्ता तोच ठेवावा." हप्ता कमी केल्यास तात्पुरतें बरें वाटतें, परंतु बचतीचा मोठा भाग निसटून जातो. व्याजदर उतरतो तेव्हांही हेंच धोरण ठेवावें. २०२२ च्या मे महिन्यापासून २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर चढला, तेव्हां अनेकांच्या कर्जाची मुदत त्यांच्या नकळत लांबली. २०२५ सालांत तो ५.२५ टक्क्यांपर्यंत उतरला. अशा वेळीं जुनाच हप्ता चालूं ठेवणारा वेगळा जादा पैसा न काढतांही मुद्दल लौकर फेडतो.

कोणीं घाई करूं नये : जादा हप्ता हा शिलकेंतून द्यावयाचा आहे, बियाण्याच्या पोत्यांतून नव्हे. ज्याचें खासगी सावकाराचें देणें आहे अथवा ज्यानें अधिक व्याजानें सोनें तारण ठेविलें आहे, त्यानें आधीं तें फेडावें. उलट ३ लक्ष रुपयांपर्यंतचें पीककर्ज वेळेवर फेडणारास केंद्र सरकारच्या व्याजसवलतीमुळें ४ टक्क्यांनींच पडतें. तें थकवून घरकर्ज भरणें हा आंतबट्ट्याचा व्यवहार होय. पावसानें दगा दिला किंवा घरांत आजारपण आलें तर उपयोगी पडावा म्हणून निदान सहा महिन्यांचा घरखर्च व तितकेच हप्ते हाताशीं ठेवावे. कारण मुद्दलांत भरलेला पैसा अडचणीच्या दिवशीं सहसा परत मिळत नाहीं. आयकराच्या सवलतीसाठीं घरकर्ज ठेवावें असा सल्ला नोकरदारांस कधीं कधीं मिळतो. परंतु शेतीच्या उत्पन्नावर आयकर नसल्यामुळें, ज्याचें उत्पन्न केवळ शेतीचें आहे त्यास त्या सवलतीचा उपयोग नाहीं.

हा प्रश्न घराचा तितकाच शेताचाही आहे : गहाणवटीचा अर्थ आपल्या जिल्ह्यास नव्यानें सांगावा लागत नाहीं. १८७५ च्या मे महिन्यांत सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं व त्यांतूनच १८७९ चा दक्षिणेंतील शेतकऱ्यांचा कर्जनिवारणाचा कायदा जन्मास आला. १९२१ ते १९२४ या काळांत टाटांच्या धरणाविरुद्ध मुळशींत सेनापति बापट यांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह झाला, तेव्हां खोऱ्यांतील बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांच्या ताब्यांत गेलेल्या होत्या. कसणारा जमीन राखण्यासाठीं झगडत होता, आणि कागद ज्याच्या हातीं होता त्याचें लक्ष नुकसानभरपाईकडे होतें.

आज सावकाराची जागा बँकेनें घेतली आहे व व्यवहार कायद्याच्या चौकटींत चालतो. तरीही कागदाचें बळ तेंच आहे. २००२ च्या कायद्यान्वयें घरकर्ज थकल्यास बँकेस साठ दिवसांची नोटीस देऊन, दिवाणी दावा न लावतां तारण घराचा ताबा घेण्याची कारवाई करतां येते. शेतजमिनीस हा कायदा लागू नाहीं; पण म्हणून शेत सुरक्षित राहतें असें मात्र नाहीं. घरावर नोटीस लागली कीं कुटुंब अब्रू वांचविण्यासाठीं रस्त्याकडेचा तुकडा मिळेल त्या किंमतीस विकतें. पुण्याच्या इतक्या जवळ गिऱ्हाईक तयारच असतें, आणि एकदां गेलेली जमीन पुनः हातीं येत नाहीं. म्हणून आमच्या मतें घरकर्जाचें प्रत्येक वर्ष कमी करणें म्हणजे शेतावरील संकटाचें एक वर्ष कमी करणें होय.

कर्ज संपूर्ण फिटलें म्हणजेही काम संपत नाहीं. बेबाकीचा दाखला व मूळ दस्तऐवज मागून घ्यावे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०२३ च्या आदेशान्वयें ते तीस दिवसांच्या आंत परत दिले पाहिजेत. बँकेच्या दोषामुळें विलंब झाल्यास दर दिवसास ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. सात-बारावर अथवा मिळकतपत्रिकेवर बोजा चढला असल्यास तो कमी करून घ्यावा व तसा उतारा प्रत्यक्ष पाहावा.

ज्यांच्या घरावर असें कर्ज आहे त्यांनीं या हंगामाचा पैसा हातीं येतांच बँकेंतून कर्जाचा उतारा आणावा, शिल्लक मुद्दल किती व मुदत किती उरली हें घरांतील सर्वांस बसवून वाचून दाखवावें आणि वर्षाकांठीं किती जादा भरतां येईल तें ठरवावें. रक्कम दहा हजारांची असली तरी लहान मानूं नये. ती दरवर्षीं न चुकतां पडावी, हेंच मुख्य होय.