जटा त्यांच्या, जट आमची

राठ, विस्कटलेल्या केसांना मराठीत शब्द पुष्कळ. झिपऱ्या, झिंज्या हे हिणवण्याचे. ‘जट’ मात्र भीतीचा शब्द आहे. तुर्भ्याच्या वस्तीत कोल्हापूर, सोलापूर, विजापूरकडून आलेल्या बायांच्या तोंडून मी तो ऐकतो, तेव्हा त्यांचा आवाज खाली गेलेला असतो.

मूळ शब्द संस्कृतातला ‘जटा’. शंकराच्या, ऋषीच्या डोक्यावर ती तपाची खूण. विनयपिटकात उरुवेलचे जटिल येतात; काश्यप बंधू आणि त्यांचे हजार शिष्य बुद्धाकडे आले, तेव्हा त्यांनी जटा कापून नदीत सोडल्या. त्यांनी त्या आपणच वाढवल्या होत्या, आपणच टाकल्या. तोच गुंता महार-मांगाच्या पोरीच्या डोक्यात दिसला की त्याची ‘जट’ होते, आणि ते सौंदत्तीच्या यल्लम्माचे बोलावणे ठरते.

ऋषी जटा वाढवतो, पोरीला जट ‘येते’. या क्रियापदाकडे कार्यकर्त्यांनी नीट पाहावे. पूर्वी देवीही ‘येत’. 1977 साली देश देवीमुक्त जाहीर झाला तो लसीमुळे, नवसामुळे नव्हे. ‘येते’ म्हटले की कारण शोधायचे काम संपते. वास्तविक न विंचरलेले केस तेल, घाम, मळ यांनी चिकटतात, एकमेकांत वळतात आणि दोरखंडासारखे घट्ट होतात. त्यावर हळद-कुंकू पडले की आणखी कडक. युरोपातही हे होत असे. वैद्यकात त्याला पोलंडवरून ‘प्लिका पोलोनिका’ म्हणतात. कापल्यास अरिष्ट ओढवते, हा समज तिथेही होता. पण आपल्याकडे त्यापायी पोर देवीला सोडतात. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवरील ‘जोगवा’ (2009) या चित्रपटातल्या सुलीचे आयुष्य अशा जटेनेच फिरते.

देवदासी प्रथेविरुद्ध मुंबई इलाख्यात 1934 साली, कर्नाटकात 1982 साली, महाराष्ट्रात 2005 साली कायदे झाले. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते जटा कापतात. कात्रीपेक्षा त्यांचा वेळ घरच्यांची समजूत घालण्यात जातो.

मी वस्तीत सांगतो, ‘जट आली’ म्हणू नका, ‘केस गुंतले’ म्हणा. एका म्हातारीने विचारले, “म्हणंन की. पर न्हायाला पाणी कुठनं आणू?” सार्वजनिक नळावर हंड्यांच्या रांगेत उभी असलेली बाई डोक्यावरून पाणी घेणार कधी, याचे उत्तर शब्दकोशात नाही.