विमानांचा कारखाना आणि आगगाडीचे डबे

विमानें बांधण्यासाठीं उभारलेल्या कारखान्यांत आगगाडीचे डबे तयार होऊं लागावेत, हें ऐकून श्रोत्यांपैकीं पुष्कळांना नवल वाटेल. सोनारानें लोहाराचा भाता फुंकावा, तसा हा प्रकार दिसतो. परंतु बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीनें नेमकें हेंच केलें. आणि तें कां करावें लागलें हें पाहिलें, म्हणजे विमानधंद्याची घडण चांगली ध्यानांत येते.

सोलापुरास जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं म्हैसूर संस्थानच्या साहाय्यानें डिसेंबर १९४० मध्यें ही कंपनी स्थापिली. महायुद्ध चालू असल्यामुळें विमानांची निकड होती. १९४२ सालीं सरकारनें कारभार आपल्या हातीं घेतला, आणि पुढें अमेरिकन हवाई दलाच्या विमानांची दुरुस्ती तेथें मोठ्या प्रमाणावर होऊं लागली. कामगारांची संख्या हजारोंवर गेली. मग १९४५ सालीं युद्ध संपलें, आणि हें सारें काम आटलें.

विमानधंद्याचें मोठें दुखणें तें हेंच. लढाऊ विमानांचें गिऱ्हाईक बहुधा एकच, तें म्हणजे सरकार. मागणी पुरासारखी येते आणि पुरासारखीच ओसरते. बरें, मागणी नाहीं म्हणून कामगारांना निरोप द्यावा, तर कारखान्याचें खरें भांडवलच निघून जातें. ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा बेतणें, त्याला बांक देणें, रिव्हेटांनीं तो बिनचूक सांधणें, हें कसब अंगीं येण्यास वर्षें लागतात. असा कारागीर एकदां घरीं बसला, कीं गरजेच्या वेळीं तो परत येईलच असें नाहीं.

म्हणून त्याच हातांना शोभेल असें दुसरें काम शोधणें प्राप्त होतें. आगगाडीचे डबे आणि बसगाड्यांचे सांगाडे हें तें काम होय. येथेंही पत्रा, सांधे आणि अचूक माप यांचाच प्रश्न असतो. शिवाय युद्धानें झिजलेल्या रेल्वेला डब्यांची गरज होती. यालाच अर्थशास्त्रांत धंद्याचें विविधीकरण म्हणतात. नव्या कामांत नफा किती, एवढेंच पाहून येथें भागत नाहीं. तें जुन्या कसबाशीं जुळतें कीं नाहीं, हें आधीं पाहावें लागतें. इकडे डबे बनत असतां, तिकडे डॉ. विष्णु माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखालीं नव्या विमानाचा आराखडाही तयार होत होता. त्यांचें ‘एच. टी. २’ हें शिकाऊ वैमानिकांसाठीं बांधलेलें विमान ऑगस्ट १९५१ मध्यें उडालें.

पण दोन धंदे एका छपराखालीं आले, कीं कारभाराची अडचण सुरू होते. डबे एकाच नमुन्याचे पुष्कळ काढावयाचे असतात. विमानें थोडीं, आणि त्यांत फेरफार वरचेवर. दोहोंचा जमाखर्च एकाच वहींत मांडला, तर एकाचा तोटा दुसऱ्याच्या नफ्याखालीं झांकला जातो. त्यावर उपाय म्हणजे विभागांची रचना. प्रत्येक विभागाला स्वतःचा व्यवस्थापक आणि स्वतःचा हिशेब. भांडवल व दूरचें धोरण मात्र मध्यवर्ती मंडळाकडे. एकत्र कुटुंबांत चुली वेगळ्या झाल्या, तरी देवघर एक असावें, तसें हें आहे.

मिग विमानांसाठीं १९६३ मध्यें निघालेली सरकारी कंपनी आणि ही जुनी कंपनी यांचें १ ऑक्टोबर १९६४ रोजीं एकीकरण होऊन हिंदुस्थान एरोनॉटिक्स अस्तित्वांत आली. मिगचे सांगाडे नाशिकजवळ ओझर येथें, इंजिनें कोरापुटला, आणि इलेक्ट्रॉनिक उपकरणें हैदराबादेस, अशी वांटणी ठरली. डब्यांचा विभाग भारत अर्थ मूव्हर्स या वेगळ्या कंपनीकडे गेला. वाढलेल्या मुलानें निराळें बिऱ्हाड करावें, तसें झालें.

या वांटणीलाही किंमत द्यावी लागते. ओझरला सांगाडा तयार असला आणि कोरापुटचें इंजिन वेळेवर आलें नाहीं, तर विमान जमिनीवरच राहतें. म्हणून विभाग पाडणें जितकें महत्त्वाचें, तितकेंच त्यांना एका वेळापत्रकांत बांधणेंही.

पुढें १९८८ मध्यें याच कंपनीनें बंगलोरला अंतराळ-अग्निबाणांचे भाग बनविणारा विभाग काढला. तेथेंही पातळ धातु, बिनचूक सांधे, आणि तसाच मुरलेला हात लागतो. डब्यांपासून अग्निबाणांपर्यंत माल बदलला. जपावयाचें होतें तें कसब मात्र तेंच राहिलें.